परत जाण्याचं प्रॅक्टिकल

आमच्या आयटीआयमध्ये सकाळची प्रार्थना झाली की सगळ्या वर्गानं उभ्यानंच एक वाक्य म्हणायचं असे. "मला समजलं नाही, परत सांगा." एकदा हळू, एकदा मोठ्यानं आणि शेवटी समोरच्याच्या डोळ्यांत बघून. डोळे खाली गेले की पुन्हा पहिल्यापासून. शेजारी एक हायस्कूल होतं. तिथल्या मुख्याध्यापिकाबाईंनी एकदा शिपायाबरोबर विचारून पाठवलं होतं की, तुमच्या मुलांना इतके दिवस झाले तरी अजून काहीच कसं समजलेलं नाही.

हे वाक्य ज्यांनी बसवलं ते सर आम्हाला 'रोजगारक्षमता कौशल्ये' नावाचा विषय शिकवत. हा विषय सगळ्या ट्रेडना असतो आणि कुठल्याच ट्रेडमध्ये कोणी तो मनावर घेत नाही. मी फिटरला होते. आम्हाला कानस घासायची असे, वायरमनच्या पोरांना वायरी ओढायच्या असत, आणि मधेच कधीतरी सगळ्यांना एका खोलीत कोंबून हस्तांदोलन कसं करावं आणि आपल्या आयुष्याचं ध्येय इंग्रजीत तीन ओळींत कसं लिहावं हे शिकवायचं, असा एकूण शासनाचा विचार. सरांनी त्या विषयाचं पुस्तक प्रोजेक्टरखाली टेकू म्हणून दिलं होतं. पुस्तक निरुपयोगी आहे असं ते कधी म्हणाले नाहीत. उलट या पुस्तकामुळंच चित्र सरळ पडतं, असं ते पाहुण्यांना आवर्जून सांगत.

सरांची उंची बेताची. शर्टाचं गळ्याचं बटण उन्हाळ्यातसुद्धा लावलेलं, आणि धुळ्याचा उन्हाळा म्हणजे काय ते धुळ्याच्या माणसाला सांगायला नको. गळ्यात दोरीला शिट्टी. पहिल्या दिवशी मला ते पीटीचे सर वाटले होते. त्यांना हसताना मी कधी पाहिलं नाही आणि रागावतानाही नाही. एसटीच्या चौकशी खिडकीतल्या माणसाचा असतो तसा त्यांचा आवाज होता. "नाशिक गाडी गेली" आणि "तू नापास" या दोन्ही गोष्टी ते एकाच सुरात सांगू शकत.

त्यांचा एक सिद्धांत होता. आपल्या भागातल्या पोरांना नोकरी मिळत नाही हे खोटं आहे, म्हणत. नोकरी मिळते. पोरगं पुण्याला जातं, चाकणला जातं, आणि महिन्याभरात परत येऊन पारावर बसतं. कारण त्याला ट्रेड शिकवलेला असतो, पण राहायला शिकवलेलं नसतं. "जायला काय, बस जाते," सर म्हणत. "तुम्हाला मी परत जायला शिकवणार आहे. सुट्टीला घरी आल्यावर परत जायला. परीक्षेत हा प्रश्न येत नाही, म्हणून लक्ष देऊन ऐका."

समजलं नाही असं म्हणण्याचा सराव हा त्यातलाच पहिला धडा. सरांचं म्हणणं असं की आपल्याकडं कोणी काही सांगितलं की मान हलवायची पद्धत आहे. समजलं तर हलवतो आणि नाही समजलं तर जास्त हलवतो. समोरच्याचा मान राहावा म्हणून आपली मान. त्यांचा एक जुना विद्यार्थी कंपनीत पहिल्याच आठवड्यात सुपरवायझरपुढं अशी मान हलवून आला आणि दिवसभर भोकं भलत्याच जागी पाडत बसला. "तो काही वाईट कारागीर नव्हता," सर म्हणाले. "त्याची मान वाईट होती."

एकदा विभागाचे मोठे साहेब तपासणीला आले. त्यांनी आम्हाला एकत्र बसवून बदलत्या काळावर, उद्योगांच्या गरजांवर आणि युवाशक्तीवर बराच वेळ भाषण केलं आणि शेवटी रिवाजाप्रमाणं विचारलं, "समजलं ना सगळ्यांना?" आम्ही सगळे एकदम उठून उभे राहिलो आणि त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "मला समजलं नाही, परत सांगा." प्राचार्यांनी हातातला गुच्छ खाली ठेवला.  साहेबांनी खरंच परत सांगितलं. पहिल्यापेक्षा पुष्कळ कमी सांगितलं. म्हणाले, जुनी कामं जातील, नवी येतील, शिकणं बंद करू नका, एवढंच आहे, बाकीचं मलाही सकाळीच लिहून आलं. आमचे सर पुढं झाले आणि म्हणाले, "साहेब, दुसऱ्यांदा फार छान सांगितलंत." साहेबांना त्यात काही खोच दिसली नाही, कारण नव्हतीच.

त्याच साहेबांबरोबर आलेल्या एका पाहुण्यानं आम्हाला रोबोटची भीती घातली होती. वेल्डिंगला रोबोट, पॅकिंगला रोबोट, तुमचं काय होणार वगैरे. भुसावळला रेल्वेची भरती निघेल या आशेवर बसलेली पोरंसुद्धा त्या दिवशी गप्प झाली. दुसऱ्या दिवशी सरांनी तासाला विचारलं, "रोबोट कानबाईला घरी जातो का?"

आम्ही म्हणालो, नाही.

"मग त्या एका बाबतीत तो तुमच्यापेक्षा बरा आहे. बाकीचं तो जे जे करतो ते शिकून घ्या. त्याला पुसायला, तेल द्यायला माणूस लागतोच."

कानबाई हा सरांच्या शिकवण्यातला मोठा धडा होता. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडं घरोघर कानबाई देवी बसते. माणूस सुरतला असो की पुण्याला, दिवाळीला एक वेळ नाही आला तरी चालतं, कानबाईला यावंच लागतं. सगळी भाऊबंदकी गोळा होते, रोटांचा, म्हणजे देवीच्या नैवेद्याचा, स्वयंपाक होतो, सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर विसर्जन. कंपनीच्या सुट्ट्यांमध्ये कानबाई नसते. त्यामुळं पोरं आजी वारल्याचं सांगून निघतात. सरांची या प्रकाराला सक्त मनाई होती. श्रावणात एकाच रविवारी खान्देशातल्या इतक्या आज्या वारतात की कंपन्यांना संशय येऊ लागला आहे, असं ते म्हणत. त्यांनी आमच्याकडून रजा मागण्याचं वाक्यही घोटून घेतलं होतं. आमच्याकडं कानबाई असते, मी रविवारसाठी जाते, मंगळवारी पहिल्या पाळीला हजर राहते. या वाक्यातला शेवटचा तुकडा महत्त्वाचा, असं ते बजावत.

त्याला कारण होतं. आमच्या आयटीआयमध्ये सरांना 'रजेवरचे सर' म्हणत, आणि हे त्यांच्या तोंडावरही म्हणत. ते तरुणपणी पिंपरीला एका कारखान्यात चांगल्या जागेवर होते. कानबाईला आठ दिवसांची रजा काढून आले. ती रजा अजून चालू आहे, असं ते स्वतःच सांगत. त्यांना घरात कोणीही जाऊ नको म्हणालं नव्हतं. सोमवारी विसर्जन झाल्यावर त्यांची आई म्हणाली, "सकायले जाजो." मंगळवारी वहिनी म्हणाल्या, इतक्या लांबून आलात, सकायले जा. सकाय म्हणजे आमच्याकडं उद्या. बुधवारी पाऊस लागला. "आपल्याकडं जाऊ नको असं कोणी म्हणत नाही," सर फळ्याकडं तोंड करून म्हणाले. "उद्या जा म्हणतात. त्यानं माणूस जन्मभर राहतो." हे सांगून त्यांनी फळा पुसला. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

गुरुवारी गोड वरणाचं प्रॅक्टिकल असे. पुण्याच्या मेसमधलं वरण गोड असतं आणि शेवभाजीवर वाढलेलं आमचं पोरगं तिसऱ्या दिवशी त्या वरणाकडं बघून रडायला लागतं, हा सरांचा अनुभव. म्हणून त्यांच्या घरून एक मोठा डबा येई. आत गूळ घातलेलं पिवळं वरण. प्रत्येकानं वाटीभर खायचं, तोंड वाकडं करायचं नाही, आणि वर "छान आहे" म्हणायचं. चोपड्याचा गोपाल म्हणून एक पोरगा होता, त्यानं मोज्यात हिरवी मिरची लपवून आणली होती. सरांनी ती काढून घेतली आणि म्हणाले, "मिरची तिथं मिळते. सवय मिळत नाही." मग स्वतः आमच्या पंगतीत बसून वाटीभर वरण खाल्लं. ते त्यांना आवडत असावं असं मला वाटे. नंतर त्यांच्या पत्नीकडून कळलं की त्यांना ते अजिबात चालत नसे आणि गुरुवारी रात्री ते घरी ठेचा-भाकरीवर तुटून पडत.

पण सगळ्यात अवघड वर्ग शनिवारचा होता. शनिवारी आयांना बोलावलेलं असे.

ते प्रॅक्टिकल फोनचं होतं. कल्पना अशी की पोरगं पहिल्यांदा लांब गेलेलं आहे आणि संध्याकाळी फोन करून म्हणतंय, मी घरी येऊ का. आईनं काय म्हणायचं? सर म्हणत, रडू नका, ये म्हणू नका, येऊ नको असंही म्हणू नका. फक्त विचारा, जेवलास का. त्याच्या पुढचं पोरगं स्वतः बघून घेतं. मग सर टेबलाच्या एका बाजूला बसून पोराचं काम करत आणि आया एकेक करून समोर येत. सरांना अभिनय येत नव्हता. त्या चौकशी खिडकीच्या आवाजात ते म्हणत, "आई, माझं मन लागत नाही. मी घरी येऊ का?" तरीही बायका हुंदके देत.

माझी माय या वर्गात सर्वांत कच्ची. सरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती म्हणायची, "ई जाय बेटा घर." ये बाळा घरी.

"नापास," सर म्हणायचे. "शनिवारी परत या."

ती पुढच्या शनिवारी यायची. वाटेत येताना "जेवनी का, जेवनी का" असं पुटपुटत यायची, आणि सरांचा तो कोरडा आवाज ऐकला की पुन्हा म्हणायची, "ई जाय घर." एकदा तर सरांनी तोंडच उघडलं नव्हतं. नुसते समोर बसले होते, आणि हिनं डोळ्यांना पदर लावला. सर म्हणाले, "बाई, मी अजून फोन लावलेला नाही." मला शरमेनं मेल्यासारखं व्हायचं. बाकीच्यांच्या आया पास होऊन घरी बसल्या आणि माझी माय शनिवारी एसटीनं येऊन नापास होऊन जात राहिली, आमचं वर्ष संपेपर्यंत.

मी आयटीआय पास झाले आणि चाकणच्या एका कारखान्यात वर्षभराची शिकाऊ उमेदवारी मिळाली. वर्ष पुरं करायचं, परीक्षा द्यायची, मग सर्टिफिकेट. मधे न सांगता राहिलं की नाव कटतं आणि पुन्हा पहिल्यापासून. तिथं मला निळा कोट मिळाला, आणि किल्लीसकट एक लोखंडी कपाट मिळालं. आमच्या घरात किल्ली फक्त नानांकडं असे. नाना म्हणजे माझे मोठे काका. घरात त्यांचा शब्द शेवटचा आणि माझे वडील, ज्यांना आम्ही भाऊ म्हणतो, त्यांच्यापुढं कधी बोलले नाहीत. मी ती किल्ली गळ्यात घालून झोपत असे. ते काम मला आवडत होतं. हे मी आता साधेपणानं लिहिते आहे, पण तेव्हा घरात असलं काही बोलायची सोय नव्हती.

श्रावणात मी ते घोटलेलं वाक्य बोलून रजा घेतली आणि कानबाईला गावी आले. रविवारी आरती झाल्यावर नाना मला म्हणाले की आता परत जायची गरज नाही, गुरुवारी पाहुणे बघायला येणार आहेत. सगळे म्हणाले, चांगलं झालं. मी मान हलवली. आणि आत जाऊन, रोटांचं पीठ ठेवलेल्या खोलीत, बराच वेळ किल्ली धरून बसले. मंगळवारी पहिल्या पाळीला मी गेले नाही की माझं नाव कटणार होतं.

सोमवारी विसर्जन करून आम्ही नदीवरून आलो तर अंगणात सरांची स्कूटर उभी. सर खाटेवर बसले होते, बटण लावून, शिट्टी गळ्यात. कानबाईच्या सोमवारी दुपारी ते दरवर्षी धुळ्याच्या स्टँडवर उभे राहत आणि परत जाणाऱ्या पोरांना गाड्यांत बसवून देत, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी ते आमच्या गावात काय करत होते ते मला कळेना.

घरात गडबड उडाली. घरभर पुरणाचा वास, खिरीचं पातेलं भरलेलं, गंगाफळाची भाजी, आणि पाहुण्याला द्यायला काही नाही. रोटांचं जेवण भाऊबंदांनीच जेवायचं असतं, बाहेरच्याला चालत नाही. शेवटी मायनं चहा आणि ताटलीत शेव-मुरमुरे आणून ठेवले आणि लाजून उभी राहिली. सर म्हणाले, "बरं झालं. जेवलो असतो तर झोप आली असती." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी स्टँडवर निघालोय. हिची दुपारची गाडी आहे, म्हटलं सोबत होईल."

नाना समोर येऊन बसले. "सर, ती नही जावाव. पोरले पाहुना येतीन गुरुवारले."

"मला नका सांगू, नाना," सर म्हणाले. "तिला सांगा. जायचं तिला आहे."

नानांनी मला पुढं बोलावलं. खाकरले. "हाई देख पोरी. पुनं लांब शे. एकली पोर, परकं गाव, लोक काय म्हनतीन? पोरगा चांगला शे, केळीना मळा शे. कारखानामा पोरीनं काय काम? आते तू घरच ऱ्हाय."

माझी मान हलली. मी हलवली नाही, ती हलली. सरांनी माझ्याकडं बघितलं. त्यांनी छातीवरची शिट्टी हातात घेतली. फुंकली नाही, नुसती धरली.

मी मान वर केली. आयुष्यात पहिल्यांदा नानांच्या डोळ्यांत बघितलं. ते घारे आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं.

"नाना," मी म्हणाले, "माले समजनं नही. परत सांगा."

 पुरणानं बरबटलेल्या हातांनी सगळे आतून बाहेर आले. नानांना वाटलं पोरीला खरंच समजलं नसेल. त्यांनी परत सांगितलं. पण पुणं लांब आहे हे या वेळी गाळलं, कारण तिथून नुकतीच आलेली मी त्यांच्यासमोर उभी होते. कारखान्यात पोरीचं काय काम, हेही राहून गेलं. लोक काय म्हणतील आणि केळीचा मळा एवढं राहिलं.

"माले समजनं नही नाना. परत सांगा."

माझा आवाज कापत होता. तो उद्धटपणा नव्हता आणि नानांनाही तसं वाटलं नाही. ते सरांकडं वळले. "सर, तुम्ही सांगा हिले."

"मलाही नाही समजलं," सर म्हणाले. "परत सांगा."

नानांनी टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी घातली. या वेळी बोलले ते खालच्या आवाजात. "काय सांगू आते. तो पोपटभाऊ, पोऱ्याना बाप. लगीनमा भेटना. बठ्ठास्ना समोर इचारं, येऊ का पोरले देखाले गुरुवारले. मी हा म्हनी दिधं. हात धुवाले पानी टाकी राहिंता तो. नही कसं म्हनू?"

म्हणजे माझं वर्ष, सर्टिफिकेट आणि लोखंडी कपाट हे सगळं लग्नाच्या एका पंगतीत, सगळ्यांसमोर हातावर पडणाऱ्या तांब्याभर पाण्यापायी जाणार होतं. मला हसू आलं नाही. आता येतं.

सर म्हणाले, "मग फोन करा. पोरगी कंपनीत आहे, वर्ष पुरं होऊ द्या, मग बोलू म्हणा."

"आसं तोंडवर कसं सांगू?"

"आधी सराव करू. मी पोपटभाऊ." सरांनी मुठीचा फोन कानाला लावला. "बोला नाना."

नानांनीही मूठ कानाला लावली. आमच्या घरातला सर्वांत मोठा माणूस, ज्याच्यापुढं भाऊ कधी खाटेवर बसले नाहीत. "हॅलो. पोपटभाऊ. ते गुरुवारनं... या. या तुम्ही."

"नापास," सर म्हणाले. "परत."

दुसऱ्यांदा नाना पास झाले. तेवढ्या जोरावर त्यांनी खरा फोन लावला. आम्हाला एकच बाजू ऐकू येत होती. नाना म्हणाले, पोरगी कंपनीमा शे, वरीस पुरं व्हऊ द्या. मग ऐकत राहिले. मग "हा, हा" म्हणाले आणि फोन ठेवला.

"काय म्हणाले?" भाऊंनी विचारलं. त्या दिवशी ते बोलले ते एवढंच.

"त्याना पोऱ्याले सुरतथून रजाच नही," नाना म्हणाले. "म्हने, हातवर पानी टाकता टाकता काहीतरी इचारनं पडस, म्हनून इचारं."

नानांनी मला थांबवलं नाही आणि जा असंही म्हणाले नाहीत. आत जाऊन जेवायला बसले. मायनं माझी पिशवी आधीच भरून दाराशी ठेवली होती. मी पाया पडले तेव्हा ती "सकायले जाजो" म्हणाली नाही. 

भाऊंनी मला मोटारसायकलवरून स्टँडवर आणलं, पुढं सरांची स्कूटर. तिथं आमच्या बॅचची पोरं पिशव्या घेऊन उभी होती, गोपालसुद्धा होता. सरांचे नियम सगळ्यांना पाठ होते. गावाकडच्या खिडकीत बसायचं नाही. डबा मालेगावच्या पुढं उघडायचा, कारण त्याच्या आधी उघडला की घरची आठवण येऊन पोरं मालेगावला उतरतात आणि समोरची धुळ्याची गाडी पकडतात. गाडी हलली की मागं बघायचं नाही. एखाद्याचं पाऊल पायरीवर अडखळलं की सर शिट्टी वाजवत, आणि ते पाऊल गाडीत जाई. एकदा तर शिट्टी ऐकून भलतीच गाडी सुटली होती म्हणतात.

मी चढायच्या आधी विचारलं, "सर, तुम्हाला कोणी कळवलं?"

"सकाळी फोन आला होता."

"कोणाचा?"

"शनिवारच्या वर्गाची एक विद्यार्थिनी," सर म्हणाले. "नेहमी नापास होते ती. बस आत, गाडी निघाली."

मी पलीकडच्या खिडकीत बसले. त्यामुळं भाऊ हात हलवत होते की नाही हे मला कधीच कळलं नाही. शिट्टी मात्र ऐकू आली.

मंगळवारी पहिल्या पाळीला मी हजर होते. आणि आता खरं सांगायचं तर त्याच दिवशी संध्याकाळी माझं मन उडालं. खोलीतल्या दोघी गावाहून परतल्या नव्हत्या. सुपरवायझरनं मला नव्या लाइनवर टाकलं होतं, तिथं रोबोटचा हात वेल्डिंग करत होता आणि मला त्याच्याकडं बघून नुसतं उभं राहायचं होतं. इतक्या जणांच्या समोर नानांना उत्तर देऊन आले होते, आणि मला घरी जायचं होतं. मेसमध्ये ताट पुढं घेऊन मी मायला फोन लावला.

"माय," मी म्हणाले, "मी ई जाऊ का घर?"

 पलीकडं भांडी वाजत होती, ती थांबली. माय श्वास घेत होती तो मला ऐकू येत होता. तिचं ते वाक्य कुठपर्यंत आलं असेल ते मला माहीत होतं. मी त्याची वाट बघत होते. तिनं ते म्हटलं असतं तर मी सकाळची पहिली गाडी धरली असती.

"जेवनी का?" माय म्हणाली.

"नही अजून."

"काय शे?"

"वरन. गोड शे."

"गरम शे तवर खाय," माय म्हणाली. आवाज फाटला होता, पण तिनं फोन ठेवला.

मी वरण खाल्लं. मीठ लागत होतं ते डोळ्यांचं असावं. छान आहे असं मात्र म्हणाले नाही.

दुसऱ्या दिवशी पाळीवर जाताना गेटजवळ सरांचा फोन आला. तोच खिडकीतला आवाज. "तुझ्या आईचा फोन आला होता. त्यांना आता शनिवारी यायची गरज नाही, असं सांगितलं मी."

मला समजलं होतं. तरी मी गेटच्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "सर, मला समजलं नाही. परत सांगा."

सरांनी परत सांगितलं.